मनगटातील वाट आणि कामगाराचा हात



या व्यासपीठावर मी पूर्वी बोललो तो बोनस, कंत्राटी कामगार, पाळीचे तास अशा विषयांवर. यंदा मी हा विषय कळविला तेव्हा चालकांचे उत्तर आले, "हा विषय डॉक्टरांचा, त्यावर तुम्ही कसे बोलणार?" प्रश्न रास्त होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, वडिलांचा पगार थांबला आणि माझी शाळाही थांबली. पुढे जे काही वाचले ते कारखान्याच्या जेवणाच्या सुटीत आणि युनियनच्या कचेरीत, शब्दकोश उशाशी ठेवून. तेव्हा डॉक्टर म्हणून बोलण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या घरात चूल नाही, हे मला पुस्तक न वाचता कळते. आणि आजचा विषय हृदयाचा दिसत असला तरी वस्तुतः तो हाताचा आहे. म्हणून उभा राहिलो.

आमच्या युनियनमधील एक टर्नर. वय अठ्ठेचाळीस, पंचवीस वर्षे लेथवर गेलेली. छातीत कळ आली, रुग्णालयात नेले, उजव्या मनगटातून नळी घालून हृदयाची अँजिओप्लास्टी झाली आणि तिसऱ्या दिवशी माणूस घरी आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आठवड्याने गावाकडचे एक वृद्ध वैद्य भेटायला आले. सवयीप्रमाणे त्यांनी उजवा हात हाती घेतला, बोटे टेकविली, पुन्हा सरकवून टेकविली, आणि म्हणाले, "नाडी लागत नाही." घरात रडारड झाली. टर्नर समोर बसून चहा पीत होता, आणि बायको पदर डोळ्यांना लावून होती! रात्री दहा वाजता मला फोन आला, "अण्णा, माणूस जिवंत आहे आणि नाडी नाही, हे काय आहे?"

हे काय आहे, याचा शोध घेताना मला जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, हृदयाचे दुखणे आणि मनगटाला भोक, हा प्रकार आला कोठून? १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे या गावी वेर्नर फोर्समान नावाचा पंचवीस वर्षांचा डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येईल असे त्याच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. तेव्हा त्याने स्वतःच्याच कोपराच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सारली, तशाच स्थितीत जिना उतरून क्षकिरणांच्या खोलीत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. त्याला शाबासकी मिळाली नाही. उपेक्षाच वाट्याला आली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी कातडी न चिरता सुई, तार आणि तारेवरून नळी अशी युक्ती काढली. १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांच्याकडून औषध चुकून थेट हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत गेले, आणि त्या चुकीतून हृदयाच्या रोहिण्यांचे चित्र घेण्याचे शास्त्र जन्मले. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने पहिली चोंदलेली हृदयरोहिणी रुंद केली.

या कामाला बहुतेक ठिकाणी वाट वापरीत ती जांघेतील. तेथील रोहिणी मोठी, नळी सहज जाते. पण मोठ्या नळाला भोक पडले तर गळतीही मोठी. जांघेत रक्तस्राव झाला तर तो कधी पोटाच्या मागे साठतो. बाहेर थेंब दिसत नाही आणि आत रोगी कोसळतो. शिवाय नंतर कित्येक तास पाय न हलविता उताणे पडून राहावे लागते. मनगटातील रोहिणी लहान, पण ती कातडीच्या लगेच खाली आहे आणि तिच्या खाली हाड आहे. दोन बोटांनी दाबली की रक्त थांबते. १९८९ साली माँट्रियलच्या ल्युसियाँ काम्पो यांनी मनगटातून केलेल्या शंभर तपासण्यांची हकिकत प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनंड कीमेनेय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी करून दाखविली.

पुढे दोन्ही वाटांची तुलना झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'रायव्हल' नावाच्या अभ्यासात ३२ देशांतील ७,०२१ रुग्ण होते. रक्तवाहिनीची मोठी इजा जांघेच्या वाटेने शंभरात ३.७ जणांना झाली, मनगटाच्या वाटेने १.४ जणांना. २०१५ च्या 'मेट्रिक्स' अभ्यासात ८,४०४ रुग्ण होते. त्यात मृत्यूचे प्रमाणही जांघेच्या गटात शंभरात २.२ आणि मनगटाच्या गटात १.६ असे आढळले. हे आकडे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे मी जे दोष सांगणार आहे ते ऐकून कोणी घरी जाऊन "मनगटातून करू देऊ नका" असे म्हणू नये. वाट चांगली आहे. चांगल्या वाटेवरही खड्डे असतात, आणि ते कोठे आहेत हे वाटसराला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे.

आता हाताची रचना पाहू. कोपराखाली मोठी रोहिणी दुभंगते. एक फाटा अंगठ्याच्या बाजूने येतो. आपण नाडी पाहतो ती हीच. दुसरा करंगळीच्या बाजूने येतो. तळहातात हे दोन फाटे कमानीसारखे एकमेकांना मिळतात. चाळीला दोन रस्त्यांवरून दोन नळ आले असावेत आणि आतून जोड दिलेला असावा, तसे हे आहे. एका रस्त्यावरचे पाणी बंद झाले तरी दुसऱ्या बाजूचे पाणी जोडातून फिरते आणि कोणाच्याही घरची घागर रिकामी राहत नाही. निसर्गाची ही तजवीज आहे म्हणूनच डॉक्टर एका फाट्यातून नळी घालण्याचे धाडस करतात.

अंगठ्याच्या बाजूची ही रोहिणी आतून साधारण दोन ते तीन मिलिमीटर रुंद असते. तीत प्रथम एक छोटी बाहेरची नळी, जिला शीथ म्हणतात, ती बसवितात. तिच्यातून लांब नळ्या हृदयाकडे जातात. या नळ्यांचे माप 'फ्रेंच' या एककात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. पण शीथचा आकडा आतल्या पोकळीचा असतो. सहा फ्रेंचची शीथ आतून दोन मिलिमीटर आणि बाहेरून सुमारे अडीच. हे मी आमच्या टर्नरला सांगितले तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे अडीचच्या बोअरमध्ये अडीचचा शाफ्ट! घासणारच." अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे समजले नसते ते त्याला त्याच्या धंद्याने एका वाक्यात समजावून दिले.

हा 'घासणारच' यातून पुढची बहुतेक दुखणी निघतात. पहिले म्हणजे आकुंचन. या रोहिणीच्या भिंतीत स्नायू भरपूर आहे. बाहेरची वस्तू आत आली, वेदना झाली, माणूस घाबरला, की ती मूठ आवळावी तशी नळीवर आवळते. हातात कळ जाते, नळी पुढे सरकत नाही. बारीक अंगाच्या माणसांत, स्त्रियांत आणि पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागली तर हे अधिक होते. त्यासाठी रोहिणी सैल करणारी औषधे शीथमधूनच देतात, बुळबुळीत लेप असलेली शीथ वापरतात आणि रोग्याची भीती कमी करतात. आकुंचन असताना जोर करणे घातक. नट अडकला की चांगला फिटर पाना सोडतो आणि तेल घालतो. त्यातलाच हा प्रकार.

दुसरे, आणि सर्वांत अधिक आढळणारे, म्हणजे रोहिणी बंद पडणे. आमच्या टर्नरला झाले ते हेच. घासल्यामुळे आतले अस्तर दुखावते. त्यावर रक्ताची गुठळी बसते. आणि नंतर रक्त थांबविण्यासाठी मनगटावर पट्टा घट्ट आवळला तर प्रवाह पूर्ण थांबून त्या गुठळीला हवी तेवढी फुरसत मिळते. २०१६ साली ६६ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात ३१ हजारांहून अधिक रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांत शंभरात सुमारे ७.७ जणांची रोहिणी बंद आढळली. आठवड्यानंतर पाहिले तर ५.५ जणांची. म्हणजे काही आपोआप उघडतात. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की निरनिराळ्या ठिकाणचे आकडे शंभरात एकाहून कमी ते थेट तेहतीसपर्यंत पसरलेले होते. एवढा फरक रोग्यांच्या नशिबाने पडत नाही. तो काम करण्याच्या रीतीने पडतो.

बंद पडल्याचे बहुधा कोणालाच कळत नाही. दुसऱ्या नळाचे पाणी चालू असते. हात गरम असतो, बोटे गुलाबी असतात. आणि येथे एक मोठी फसगत आहे. रोहिणी मनगटाशी बंद असली तरी तळहाताच्या कमानीतून रक्त उलटे फिरून तिच्या खालच्या टोकात येते, त्यामुळे बोटाखाली ठोका लागू शकतो. आमच्या वैद्यांना नाडी लागली नाही म्हणून तरी शोध लागला. पुष्कळांना ती लागते आणि सारे निर्धास्त राहतात. खरी परीक्षा सोपी आहे. ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा, जो करोनाच्या साथीत घरोघर आला, तो अंगठ्याला किंवा तर्जनीला लावावा आणि करंगळीच्या बाजूची रोहिणी दाबून धरावी. पडद्यावरची लाट चालू राहिली तर अंगठ्याच्या बाजूची वाट उघडी आहे. लाट नाहीशी झाली तर ती बंद आहे. सोनोग्राफीने पक्की खात्री होते. ही चिमट्याची परीक्षा परिचारिकेला एका मिनिटात करता येते.

मग कोणी विचारील, हात जर चालतोच, तर बंद पडली म्हणून बिघडले काय? बिघडते ते असे. एक, काहींना काही दिवस वा आठवडे हात दुखतो, पकड ढिली वाटते, मुंग्या येतात. क्वचित बोटांना रक्त कमी पडते, ती वेळ गंभीर. दोन, पुन्हा अँजिओग्राफी करावी लागली तर ही वाट गेलेली असते. तीन, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत जोड म्हणून कधी हीच रोहिणी काढून वापरतात. ती उरत नाही. चार, मूत्रपिंडाच्या रोग्याला डायलिसिसकरिता मनगटाजवळ रोहिणी आणि शीर जोडून घ्यावी लागते. ज्याला मूत्रपिंडाचे दुखणे आहे त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

हे टाळता येते, आणि त्याला कोणतेही महाग यंत्र लागत नाही. पातळ शीथ वापरावी. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन पुरेसे द्यावे. आणि पट्टा बेताने आवळावा. मनगटावर जो पारदर्शक पट्टा बांधतात त्यात हवेचा फुगा असतो. जखमेतून रक्त येऊ नये इतकाच दाब हवा, पण रोहिणीतून रक्त वाहत राहावे. २००८ साली ४३६ रुग्णांच्या अभ्यासात या एका सावधगिरीने चोवीस तासांनंतरचे बंद पडण्याचे प्रमाण शंभरात १२ वरून ५ वर आले आणि महिन्यानंतरचे ७ वरून १.८ वर. पट्टा साधारण दोन तासांत हळूहळू सैल करीत काढतात. आमच्या टर्नरच्या हातावर तो रात्रभर तसाच आवळलेला होता. वॉर्डात चाळीस रोगी आणि रात्रपाळीला दोनच परिचारिका. मी त्या मुलींना दोष देत नाही. चाळीस यंत्रांवर दोन माणसे ठेवली तर माल खराब निघतो हे आम्हाला ठाऊक आहे.

बंद पडल्याचे काही तासांत कळले तर करंगळीच्या बाजूची रोहिणी तासभर दाबून धरतात, म्हणजे सगळा जोर दुसऱ्या बाजूने लागून ताजी गुठळी पुष्कळदा सुटते. म्हणून घरी सोडण्यापूर्वीच तपासणी व्हावी. आठ दिवसांनी ती संधी गेलेली असते.

तिसरे दुखणे कमी आढळते, पण जास्त घाईचे आहे. ते म्हणजे हातात रक्त साठणे. शिवणकामाच्या कारखान्यातील आमच्या एका भगिनीची हकिकत सांगतो. अँजिओग्राफी दुपारी झाली. मनगटावरची जखम स्वच्छ, पट्टा कोरडा. संध्याकाळी ती मुलाला म्हणाली, "हात दगडासारखा लागतोय रे." मुलगा म्हणाला, "आई, सुई टोचली म्हणजे सुजणारच." सूज मनगटाला नव्हती, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये होती. आत सारताना तारेचे टोक एखाद्या बारीक फांदीत शिरून ती फुटली, तर रक्त तेथे गळते. मनगटावरचा पट्टा कितीही आवळला तरी त्याचा उपयोग होत नाही. सुदैवाने शेजारच्या खाटेवरील बाईने आरडाओरडा केला. डॉक्टर आले, सुजेवर रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळून वरच्या रक्तदाबाहून थोड्या कमी दाबापर्यंत फुगविला, मधूनमधून सैल केला, हात उंच ठेवला, आणि गळती थांबली.

ती थांबली नसती तर? हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसविलेले असतात. त्यात रक्त भरत गेले की दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि स्नायू व मज्जातंतू मरू लागतात. हे फार विरळा घडते, पण घडले तर काही तासांत आवरण चिरून दाब मोकळा करावा लागतो. उशीर झाला तर हात कायमचा जातो. खुणा लक्षात ठेवा : हात कठीण व ताणलेला लागणे, दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फार कळा, बोटे सरळ केली की असह्य वेदना, बधिरपणा. येथेही नाडी फसविते. ती लागत असतानाही आत स्नायू गुदमरत असतो. नुसता निळा-हिरवा डाग पडणे वेगळे. तो बहुतेकांना पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो.

बाकीची दुखणी थोडक्यात. छिद्र नीट न बुजता बाहेर रक्ताची पिशवी बनणे, तिची खूण म्हणजे ठोके देणारी गाठ. रोहिणी आणि शीर यांच्यात नको ती वाट पडणे, त्या जागी हाताला थरथर लागते. शीथच्या लेपाची प्रतिक्रिया म्हणून पुढे जखमेशी छोटे गळवासारखे उठणे. ही सारी विरळा, आणि बहुतेकांवर उपाय आहे. पण दाखविल्यावाचून उपाय होत नाही.

कीमेनेय यांनी २०१७ मध्ये आणखी एक वाट पुढे आणली. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी हाताच्या पाठीवर खळगा पडतो. पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवीत. तेथून नळी घातली तर मनगटातील रोहिणीचा प्रवाह दाबावा लागत नाही. २०२२ साली १,३०७ रुग्णांत दोन्ही वाटा ताडून पाहिल्या. खळग्याच्या वाटेने बंद पडण्याचे प्रमाण शंभरात ०.३१, मनगटाच्या वाटेने ०.९१. फरक निर्णायक ठरला नाही. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. नियम पाळून काम केले तर नेहमीच्या मनगटाच्या वाटेनेही शंभरात एकाच्या आत राहता येते.

आता आपण काय करावे? तपासणीपूर्वी डॉक्टरांना आपला धंदा सांगा. "मी उजव्या हाताने हातोडा चालवितो, डाव्या मनगटातून जमेल का?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. जमेल किंवा जमणार नाही, याचे उत्तर तेच देतील. छातीत कळ येऊन जीव टांगणीला लागला असेल तेव्हा मात्र हाताचा वाद घालू नका. घरी सोडण्यापूर्वी "रोहिणी उघडी आहे का, तपासता का?" एवढे विचारा. पहिला दिवस त्या हाताने बादली उचलू नका, बसची दांडी धरून लोंबकळू नका. पुढेही काही दिवस जड ओझे नको. अचानक रक्त आले तर बसा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नेमक्या जागी घट्ट दाबा, हात उंच धरा. दहा मिनिटांत थांबले नाही, किंवा हात कठीण, थंड, पांढरा, बधिर झाला, तर १०८ ला फोन करा. आणि एक गोष्ट विसरू नका : हातावर डाग पडला म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. स्टेंट बसविलेल्या माणसाने त्या सोडल्या तर तो डाग हातावरून हृदयावर जाईल.

एक मागणी मालकांकडेही आहे. हृदयावरचा इलाज झालेला कामगार चौथ्या दिवशी दारात उभा राहतो आणि मुकादम म्हणतो, "मनगटाला एवढेसे भोक, त्याचे काय कौतुक?" भोक एवढेसेच असते. पण त्या हाताने तो चक आवळतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर हलक्या कामाचे दिवस स्पष्ट लिहावेत, आणि युनियनच्या माणसाने ती चिठ्ठी व्यवस्थापकाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवावी. आम्ही आता तसे करतो.

आमचा टर्नर? मोठ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. रोहिणी बंद, पण करंगळीच्या बाजूचा प्रवाह उत्तम. हात वाचला होता. नाडी परत आली नाही. दोन महिने चक आवळताना हात भरून येई, पुढे ते थांबले. आज तो लेथवर उभा आहे. गावाकडचे वैद्य आले की तो हसून डावा हात पुढे करतो. त्याच्यानंतर आमच्या युनियनमधील जे सभासद या तपासणीला गेले त्यांच्याबरोबर आम्ही एक माणूस पाठविला, आणि त्या माणसाला एकच काम सांगितले : पट्ट्याकडे लक्ष ठेव, आणि घरी निघण्यापूर्वी तो चिमटा लावून घे.

डॉक्टर हृदय सांभाळतात, त्यांचे उपकार आहेत. हात सांभाळण्याचे थोडे काम आपण आपल्या अंगावर घेऊ या.